पोट पुन्हा उगवेपर्यंत

समुद्रकाठच्या मिठागरांच्या गावी एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. नाडी, मुळ्या, काढे, लेप हे सारे ते विद्यार्थ्यांना आपल्या पडवीत बसवून शिकवीत. पचनाचा पाठ मात्र त्यांनी पडवीत कधी दिला नाही. तो पाठ ओहोटीला, खडकांवर होई. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी दूरवर मागे सरले, की वैद्यबाबा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, हातात काठी घेऊन पुढे निघत आणि शिष्य चपला हातात धरून मागे. येणारे-जाणारे हसत. कुणी विचारी, "काय वैद्यबाबा, आज कोण आजारी? खेकडे की शिंपले?" त्यावर ते सांगत, "मीच आजारी आहे. ते मला तपासतात."

शिष्यांना ते म्हणत, "माणसाचं पोट झाकलेलं असतं, आणि झाकलेल्या गोष्टीविषयी आपण वैद्य लोक फार ठासून बोलतो. इथे पोटं उघडी आहेत. आधी ती पाहा."

स्वतः वैद्यबाबा ठासून असे फारसे बोलतच नसत. 'बहुधा' हा त्यांचा आवडता शब्द होता. त्याबद्दल गावात कुरकुरही होई. शेजारच्या गावचा वैद्य 'नक्की बरा होशील' म्हणून पुडी देई. हे 'बहुधा बरा होशील' म्हणत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उठून पाहायला येत.

त्यांच्याजवळ एक तरुण शिष्य होता. मिठागरात राबणाऱ्या बापाचा हा एकुलता एक मुलगा. नाव भालचंद्र, घरी भालू. बुद्धी तल्लख, पाठांतर स्वच्छ. खोड एवढीच, की प्रश्न पुरता विचारून होण्याआधी त्याचे उत्तर तयार असे.

उन्हाळ्याच्या आरंभी, एका मोठ्या ओहोटीला, वैद्यबाबा त्याला घेऊन खडकांवर गेले. एका कपारीत तारामासा एका कालवावर पाचही हात पसरून बसला होता.

"हा काय करतो आहे?"

"जेवतो आहे, गुरुजी."

"याचं जठर कुठे आहे?"

"पोटात."

"वाकून पाहा."

शिष्याने वाकून पाहिले. तारामाशाने कालवाचे शिंपले ओढून ओढून केसाएवढी फट पाडली होती. त्याच्या अंगाखालून एक पातळ, फिकट, जवळजवळ पारदर्शक पडदा त्या फटीतून आत उतरला होता. तेच त्याचे जठर. अन्न पोटात येण्याची वाट न पाहता पोटच अन्नाकडे गेले होते, आणि कालव आपल्याच घरात हळूहळू पचत होते.

शिष्य म्हणाला, "हे आमच्या आत्याच्या यजमानांसारखं झालं. पंगत मांडायच्या आधीच त्यांचं पोट जाऊन पाटावर बसलेलं असतं."

वैद्यबाबा मनापासून हसले. मग त्यांनी त्याला खडकाला चिकटलेले, दाढेएवढे पांढरे कवचधारी जीव दाखवले. डोके खडकाला चिकटवून ते जन्मभर उलटे उभे राहतात आणि पाय हलवून अन्न तोंडाकडे ढकलतात. पुढे समुद्रफूल दाखवले. ते ज्या तोंडाने घास घेते, त्याच तोंडाने न पचलेले कवच दुसऱ्या दिवशी परत ठेवते. शिष्य भराभर मनात साठवत होता आणि पुढे पुढे जात होता.

शेवटी ते एका खळग्यापाशी आले. ओहोटीतही त्यात गुडघाभर पाणी राहत असे. तळाच्या वाळूत काळपट रंगाची, वीतभर लांब, मऊ अशी एक समुद्रकाकडी पडली होती. नाव भाजीचे असले तरी हा प्राणीच. त्याच्या तोंडाभोवती छोट्या फांद्यांचा झुपका असतो. त्यातली एकेक फांदी तो वाळूत बुडवी आणि पाळीपाळीने तोंडात घालून चाटी. लहान मूल बोटे चाटते तसे. त्याच्या मागे धुतल्यासारख्या स्वच्छ वाळूची वेटोळी पडली होती.

"हा वाळू खातो?" शिष्याने विचारले.

"वाळू खातो आणि वाळू परत करतो. कणाकणाला जे काही चिकटलेलं असतं, मेलेल्याचं, कुजलेल्याचं, तेवढं ठेवून घेतो. दुसरा कुणी याच्या ताटाला हात लावणार नाही, पण..."

गुरूंचे वाक्य पुरे होण्याआधीच शिष्याने हात घालून तो प्राणी उचलला होता. त्याला त्याचे तोंड जवळून पाहायचे होते. समुद्रकाकडी हातात आखडली, दगडासारखी घट्ट झाली, आणि मग तिच्या मागच्या टोकातून गुलाबी-पांढऱ्या दोऱ्यांचा एक गुंता बाहेर आला आणि शिष्याच्या मनगटावर ओघळला.

शिष्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, हिची आतडी बाहेर आली."

"हो."

"मेली का?"

"नाही. घाबरली. जीव वाचवायचा तर आतलं सगळं टाकून द्यायचं, ही हिची रीत आहे. हळूच खाली ठेव. होती तिथेच."

"जगेल?"

"बहुधा," वैद्यबाबा म्हणाले.

 परत जाताना शिष्याने वाटेत दोनदा थांबून हात धुतले.

त्याच आठवड्यात त्याचे वडील गेले. आजारपण नाही, अपघात नाही. मिठागरात मीठ ओढता ओढता ते पाणी प्यायला बांधावर बसले आणि बसल्या जागी कलंडले. शिष्याची आई रोजच्यासारखी भाकरी घेऊन दुपारी तिथे पोहोचली, तेव्हा ते पडलेले होते. दमून झोप लागली असेल, असे तिला वाटले. तिने भाकरीचे फडके सोडून ठेवले आणि ते उठतील म्हणून पदराने वारा घालीत बसली. बऱ्याच वेळाने बाजूच्या आगरातल्या माणसाने हाक मारली, तेव्हा तिला कळले.

त्या दिवसापासून तिचा घास उतरेना. रुसवा नव्हता, हट्ट नव्हता. कुणी ताट ठेवले तर ती आज्ञाधारकपणे घास तोंडात घेई. घास तिथेच राही. मग ती दोन बोटांनी तो काढून ताटाच्या कडेला ठेवी आणि म्हणे, "नाही रे जात." पाणी पिई. फार आग्रह झाला तर घोटभर ताक. त्यापुढे काही नाही.

शिष्याने आपली सगळी विद्या पणाला लावली. अग्नी मंद झाला आहे, असे निदान करून त्याने आले-लिंबू दिले, हिंगाचे चूर्ण दिले, ओव्याचा अर्क दिला. शेजारणी आपापल्या घरून वाट्या आणीत. कुणी मुगाचे कढण, कुणी मऊ भात, कुणी घावन. आत्या तर मुक्कामालाच आली होती. "वहिनी, माझ्यासाठी एक घास. बरं, माझ्यासाठी नको, पोरासाठी घ्या," असे ती दिवसभर म्हणत राही. वाट्यांची रांग वाढत गेली, आणि आई भिंतीकडे सरकत सरकत इतकी लहान झाली, की शिष्याला तिच्याकडे पाहायची भीती वाटू लागली. नुकताच बाप गेला होता. आता आईही आपल्या हातून निसटते आहे, आणि आपण वैद्य व्हायला निघालो आहोत, हा विचार त्याला क्षणभर स्वस्थ बसू देत नव्हता.

मग गोडाचा दिवस आला. त्या गावी सुतक फिटते त्या दिवशी खीर करतात. घरातल्या मुलाने पहिला घास आईला भरवायचा, तिने तो गिळायचा, मग पंगत बसायची. आणि मग गेलेला माणूस खऱ्या अर्थाने मोकळा झाला असे मानायचे. अंगणात पाने मांडली होती. आप्त, शेजारी, मिठागरातली माणसे, सगळी हात धुऊन बसली होती. वैद्यबाबाही आले होते.

शिष्याने खिरीचा घास उचलला. 

"आई, घे."

तिने तोंड उघडले नाही. तिचे डोळे त्या घासावर होते, पण ते फार दुरून पाहावे तसे.

आत्या पुढे झाली. "वहिनी, सगळी ताटकळली आहेत. तुम्ही गोड घेतलं नाहीत तर माझ्या भावाचा जीव अडकून राहील. एवढं तरी त्याच्यासाठी करा."

हे ऐकून आईने तोंड उघडले.  शिष्याने घास पुढे केला. तेवढ्यात वैद्यबाबा उठले, दोन पावले पुढे आले, शिष्याच्या बोटांतला घास त्यांनी काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

बसलेल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"वैद्यबाबा," आत्या म्हणाली, "हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

"शास्त्राचं मला नीटसं आठवत नाही," वैद्यबाबा घास गिळून म्हणाले. "वेलची मात्र बेताची पडली आहे. घास कुणाच्या तरी घशाखाली उतरायला हवा होता ना? या अंगणात सगळ्यांत म्हातारा मी. माझ्या घशाखाली उतरला. आता पंगत बसवा, माणसं उपाशी आहेत."

मग ते आईसमोरचे ताट उचलून आत नेऊन ठेवून आले. लोक जेवले, पण खालमानेने. दोघे-तिघे न जेवताच उठून गेले. कुणीतरी जाताना म्हणाले, "म्हातारचळ लागला."

सगळे पांगल्यावर शिष्य त्यांच्यापुढे उभा राहिला. "गुरुजी, तिने तोंड उघडलं होतं. आणि तुम्ही घास काढून घेतलात."

"हो."

"आज नाही तर ती कधी खाणार? तुम्ही वैद्य आहात. तुम्हाला दिसत नाही?"

 वैद्यबाबा पायांत चपला सरकवीत म्हणाले, "उद्या सकाळी ओहोटी आहे. खडकावर ये. येताना थोडी खीर आण."

शिष्य रागातच गेला, पण गेला. वैद्यबाबा त्याच खळग्यापाशी बसले होते. पाण्यात ती समुद्रकाकडी होती. जिवंत होती, पण सुकलेल्या पडवळासारखी सैल दिसत होती. तोंडाभोवतीच्या फांद्या आत ओढून घेतलेल्या. मागे वाळूचे एकही वेटोळे नव्हते.

"हिला भरव," वैद्यबाबा म्हणाले.

शिष्याने खिरीतले मऊ गहू तिच्या तोंडापाशी सोडले. ती हलली नाही. त्याने आणखी सोडले. मग खडकावरचे एक कालव फोडून त्याचे तुकडे टाकले. थोड्या वेळाने कपारीतून एक खेकडा आला. मग दुसरा. मग बोटाएवढे मासे आले. सगळ्यांची झुंबड उडाली. एक खेकडा तर तिच्या पाठीवरच चढून बसला. समुद्रकाकडी आखडली आणि होते नव्हते तेवढे बळ लावून दगडाखाली सरकू लागली. शिष्य घाईघाईने काठीने खेकडे हाकलू लागला.

"त्यांना का मारतोस?" वैद्यबाबा म्हणाले. "त्यांना तूच बोलावलंस."

शिष्याचा हात थांबला.

"भालू, हिला भूक नाही असं नाही. हिला पोटच नाही. होतं ते हिने भीतीपायी टाकून दिलं. आता ते आत, अंधारात, धाग्यासारखं पुन्हा उगवतं आहे. उगवताना बाहेरून काही दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, ही काहीच करत नाही. खरं तर हिने आजवर केलं नसेल एवढं मोठं काम ही आत्ता करते आहे. अशा वेळी कितीही चांगलं अन्न पुढे ठेवलं, तरी ते ठेवणार कुठे? ठेवायला जागा नाही, आणि अन्न तर समोर आहे. म्हणजे आपलंच काही चुकतं आहे, असं मात्र वाटत राहतं."

 पाण्याकडे पाहत ते म्हणाले, "तुझी आई त्या बांधावर भाकरी सोडून वारा घालत बसली होती. तिच्या आतून काय गळून पडलं, ते आपल्याला दिसलं नाही एवढंच. आता प्रत्येक वाटी तिला विचारते, 'अजून नाही का?' काल तर तिच्या नवऱ्याचा जीवच तुम्ही त्या घासाला बांधलात. तो घास तिने गिळला असता, तुमच्यासाठी गिळला असता. पण मग तिला पुन्हा सगळं ओकून टाकावं लागलं असतं."

शिष्याने काठी गुरूंच्या हाती परत दिली. मग म्हणाला, "म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"या खळग्यात रोज काय येतं?"

"भरती."

"तेवढं कर. ताजं पाणी तिच्या उशाशी राहू दे. ताक मागितलं तर ताक. वाट्या थांबव. पण चूल विझू देऊ नकोस. तू स्वतः शिजव आणि स्वतः जेव. तिच्यापुढे नको, तिच्या जवळ. तिला दाखवायला जेवू नकोस, जेवायचं म्हणून जेव."

"आणि नाहीच उगवलं तर?"

वैद्यबाबांनी काठीने वाळूवर एक रेघ ओढली आणि पुसली. "बहुधा उगवेल. मी रोज नाडी पाहायला येतो. नाडी उतरली, तर तुझ्या आधी मी चमचा घेऊन तिच्यापाशी बसेन, आणि तेव्हा आज मी जे बोललो ते सगळं तू विसरून जा. वाळूतल्या एका जिवावरून माणसाच्या आईचं सांगता येतं, याची मला खात्री नाही. मला घास काढून घेताना भीती वाटत होती. अजून वाटते."

'मला भीती वाटते' असे गुरूंच्या तोंडून शिष्याने इतक्या वर्षांत ऐकले नव्हते. त्याचा राग कुठे गेला, ते त्याला कळले नाही.

घरी येऊन त्याने वाट्या परत केल्या. आत्या म्हणाली, "कर बाबा, तुझ्या मनासारखं कर. उद्या काही झालं तर मला सांगायला येऊ नकोस." पिशवी भरून ती निघाली, उंबऱ्यापर्यंत गेली, परत फिरली आणि कोकमांची पुरचुंडी चुलीपाशी ठेवून मगच गेली.

आता शिष्य रोज सकाळी स्वतःपुरती तांदळाची पेज करू लागला. स्वयंपाक त्याला येत नव्हता. पेज कधी करपे, कधी पाण्यासारखी होई. कोनाड्यातल्या मडक्यात वडिलांनी आणलेले आगरातले मीठ होते. त्यातले तो घाली. मग आईपासून हातभर अंतरावर बसून खाई, आणि खाऊन झाल्यावर दोन-तीन भांडी पाणी पिई. बोलायला काही सुचत नसे, म्हणून बोलत नसे.

वैद्यबाबा दुपारी येत. तिची नाडी धरून डोळे मिटून बसत. मग तिच्याच उशाजवळच्या तांब्यातले पाणी भांड्यात ओतून घेत, पीत, आणि समुद्र आज किती आत गेला होता एवढे सांगून उठत. एके दिवशी तिने आपण होऊन विचारले, "वैद्यबाबा, तुम्ही माझा घास का खाल्लात?"

"भूक लागली होती," ते म्हणाले.

ती हसली नाही. पण तिने पदर जरा नीट केला. परत जाताना वैद्यबाबांनी ते शिष्याला सांगितले नाही. आशा लावायची त्यांना भीती वाटे.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी शिष्य नेहमीसारखा पेज खात होता. आई भिंतीला टेकून त्याच्याकडे पाहत होती. तिने विचारले, "एवढं पाणी का पितोस रे तू?"

"तहान लागते."

"रोज? जेवलास की लगेच?"

त्याने पुन्हा भांडे उचलले. तिने हात लांब केला, त्याच्या ताटलीतल्या पेजेत बोट बुडवले आणि जिभेला लावले. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"भालू, काय आहे हे?"

"पेज."

"ही पेज? ही तर खाडी आहे. मीठ किती घातलंस?"

"जास्त झालं का?"

"तू खातो आहेस ना? तुला कळत नाही?"

शिष्याने ताटलीकडे पाहिले. "नाही."

"म्हणजे?"

"मला चवच लागत नाही, आई. म्हणून घालत जातो. वाटतं, आता लागेल."

"कधीपासून?"

त्याने कोनाड्यातल्या मडक्याकडे पाहिले. तिने ओळखले. ज्या दिवशी चौघांनी बापाला बांधावरून उचलून आणले, त्या दिवसापासून. तिच्यापुढे वाट्या मांडणारा, काढे उकळणारा, घास घेऊन उभा राहिलेला आपला मुलगा इतके दिवस काहीच न लागणारे अन्न गिळत होता, आणि घरात कुणाला ते समजले नव्हते.

ती उठली. भिंतीला धरून, थांबत थांबत चुलीपाशी गेली. कोनाड्यातले मडके तिने खाली घेतले, आत पाहिले. मीठ तळाला गेले होते.

"तुझ्या बापाने ओढलेलं मीठ आहे हे," ती म्हणाली. "असं उधळायचं असतं?"

"मला माहीत नव्हतं."

"तुला भात शिजल्याचं तरी माहीत असतं का? सरक तिकडे."

तिने उरलेल्या पेजेत पाणी ओतले, मूठभर तांदूळ धुऊन घातले, जाळ सारखा केला. मग पळीभर पेज घेऊन तळहातावर थेंब सोडला आणि चाखला. मान हलवली. आणखी पाणी. पुन्हा चाखला. आयुष्यभर जसे रांधले, तसेच ती रांधत होती. चाखल्याशिवाय मीठ कळत नाही, आणि मुलाच्या पेजेचे मीठ तिला नीट लावायचे होते. ते थेंब घशाखाली उतरत होते, आणि तिचे तिकडे लक्ष नव्हते. शिष्याचे होते. पण या वेळी तो काही बोलला नाही, पुढे झाला नाही. चुलीजवळ हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

तिने पेज वाढली. "घे. बघ आता."

त्याने घास घेतला.

"लागतं?"

त्याने घास जिभेवर घोळवला. "थोडं."

"थोडं पुष्कळ झालं," ती म्हणाली.

तेव्हा शिष्य ताटलीवर वाकला आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा रडला. आवाज न करता, खांदे हलवीत, बराच वेळ. आईने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. दुसऱ्या हाताने तिने त्याच्या ताटलीतला एक घास उचलला आणि खाल्ला. मग आणखी एक. त्याचे रडणे आवरेपर्यंत ती त्याच्या ताटलीतून खात राहिली.

पुढच्या मोठ्या ओहोटीला गुरू-शिष्य पुन्हा खडकांवर गेले. शिष्य या वेळी मागून चालत होता. खळग्यापाशी दोघेही वाकले. समुद्रकाकडी दगडाखालून बाहेर आली होती. झुपक्यातली एकेक फांदी ती वाळूत बुडवून तोंडात घालत होती. तिच्या मागे स्वच्छ वाळूचे एक छोटे वेटोळे पडले होते, जेमतेम करंगळीच्या पेराएवढे.

"काल आईने भाकरी केली," शिष्य म्हणाला. "अर्धी खाल्ली. आत्याला निरोप पाठवलाय, कोकमं संपली म्हणून."

वैद्यबाबांनी मान डोलावली.

"गुरुजी, एक विचारू? मला स्वतः शिजवून जेवायला सांगितलंत, ते माझी चव गेली आहे हे ओळखूनच ना?"

 हो म्हणणे सोपे होते. शिष्याच्या डोळ्यांत ते 'हो' आधीच तयार होते.

"नाही," ते म्हणाले. "मला तुझ्या आईचीच काळजी लागली होती. रोज तुझ्या घरी येत होतो, तिची नाडी पाहत होतो, आणि तुझ्याकडे माझं लक्षच गेलं नाही. तुझं पोट तिनेच पाहिलं."

शिष्याने हात पाण्यात घातला, पण त्या प्राण्याला स्पर्श केला नाही. बोटे सैल सोडून तो तसाच बसून राहिला, आणि भरतीचे पहिले पाणी खळग्यात येऊ लागले तेव्हा दोघे उठले.

आपल्या घरी कुणी ताट बाजूला सारले, तर पुन्हा वाढण्याआधी थोडे थांबून पाहावे. आणि आपल्या स्वतःच्या जिभेला चव लागते आहे ना, हेही.